"पूर्ण झालं, की परत आणलं?" : विश्रामबागेतील एका वाचनालयाचा अनुभव

वाचनालयात पुस्तक परत करताना आपल्याला सहसा एकच प्रश्न विचारला जातो, आणि तो दंडाचा असतो. सांगलीच्या विश्रामबाग भागातील ज्या खासगी वाचनालयाचा मी गेली सहा वर्षे सभासद आहे, तेथे मात्र पुस्तक टेबलावर ठेवताच ग्रंथपाल काकू विचारतात, "पूर्ण झालं, की परत आणलं?" पहिल्या खेपेला हा प्रश्न मला खोचक वाटला होता. अर्धवट टाकलेले पुस्तक परत करताना मनात थोडी चोरटी भावना असतेच, आणि ती कोणी चारचौघांत बोलून दाखवावी अशी आपली अपेक्षा नसते. "चाळीस पानांच्या पुढे गेलो नाही," अशी कबुली मी दिली, तेव्हा त्यांनी माझ्या सभासद-पत्रकावर त्या पुस्तकाच्या दाखल क्रमांकासमोर पेन्सिलीने एक अर्धे वर्तुळ काढले आणि पत्रक पेटीत परत ठेवून दिले. पूर्ण वाचलेल्या पुस्तकासमोर पूर्ण वर्तुळ आणि सोडून दिलेल्यासमोर अर्धे, एवढीच ही पद्धत आहे. परंतु या वाचनालयाची शिफारस करावीशी वाटते ती प्रामुख्याने या अर्ध्या वर्तुळामुळे.

जागा मोठी नाही. एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावरील दोन खोल्या आणि गच्चीवर पत्रा टाकून केलेली तिसरी, इतकाच पसारा आहे. मालकीण आणि ग्रंथपाल एकच असून लहानथोर सगळे त्यांना काकू म्हणतात. मी त्यांच्यापेक्षा चार वर्षांनी मोठा असूनही काकूच म्हणतो. अनामत ५०० रुपये आणि एक पुस्तक व एक मासिक यांसाठी महिन्याला १५० रुपये वर्गणी आहे. एका वेळी एक पुस्तक घरी नेता येते, मग ते महिन्यात कितीही वेळा बदलावे. शासनमान्य ग्रंथालयांना १९६७ च्या कायद्यानुसार 'अ', 'ब', 'क', 'ड' अशा वर्गवारीने अनुदान मिळते. हे वाचनालय त्या व्यवस्थेत नाही, त्यामुळे वर्गणी सार्वजनिक वाचनालयापेक्षा जास्त आहे हे मान्यच करावे लागेल. २०१९ च्या ऑगस्टमधील महापुरात शहरातील जुन्या वाचनालयांची हजारो पुस्तके भिजून लगदा झाली. त्यानंतर अनेकांनी आपल्या घरचे संग्रह उंचावर असलेल्या या दोन खोल्यांत आणून दिले, आणि म्हणून येथील कितीतरी पुस्तकांच्या पहिल्या पानावर कोणाच्या तरी मुंजीची, बारशाची किंवा निवृत्तीची तारीख अजून वाचायला मिळते.

आत शिरल्यावर डाव्या हाताला एक तिरके लाकडी डेस्क आहे आणि त्यावर लाल कापडी बांधणीची, किराणा दुकानात उधारी मांडण्यासाठी असते तशी लांबट वही. तिला एक बॉलपेन सुतळीने बांधलेले आहे. वहीत चार रकाने आखलेले आहेत : तारीख, सभासद क्रमांक, 'सध्या काय वाचतो/वाचते' आणि 'कोणाला द्यावे'. नाव लिहायचे नाही, हा काकूंचा कडक नियम आहे. नाव आले की माणूस आपण काय वाचतो यापेक्षा आपण काय वाचताना दिसावे याची काळजी करू लागतो, असे त्यांचे मत आहे. सहा वर्षांपूर्वी मला हे अतिरेकी वाटले होते, आता वाटत नाही.

खरी गंमत चौथ्या रकान्यात आहे. पुस्तक चांगले की वाईट हे तेथे विचारलेले नाही, तारे द्यायचे नाहीत, गुण द्यायचे नाहीत. कोणाला द्यावे, एवढेच सांगायचे आहे; आणि हा प्रश्न समोर आला की वाचकाला पुस्तकाबरोबर एका माणसाचाही विचार करावा लागतो. 'स्मृतिचित्रे'समोर सभासद ४१२ ने लिहिले आहे, "सासूबाईंना मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर वाचून दाखवले. मोठ्याने वाचायलाच हे पुस्तक आहे. मध्येच हसू आले तर थांबावे लागते, तेवढा वेळ हाताशी ठेवावा." लक्ष्मीबाई टिळकांच्या गद्यावर मी बरीच समीक्षा वाचली आहे, परंतु ते कानाने वाचायचे गद्य आहे हे इतक्या नेमकेपणाने मला या चार ओळींतच सापडले. विश्वास पाटील यांच्या धरणग्रस्तांवरील 'झाडाझडती' या कादंबरीसमोर एकाने लिहिले आहे की त्याच्या आजोळचे गाव वारणेच्या पाण्याखाली गेले, पहिली शंभर पाने वाचायला त्याला महिना लागला आणि उरलेली दोन दिवसांत संपली. 'कोणाला द्यावे' या रकान्यात फक्त "मामांना नको" असे आहे. शिफारशींच्या वहीत 'देऊ नये' हेही लिहिता येते, हे ही नोंद वाचेपर्यंत माझ्या ध्यानात आले नव्हते.

'बनगरवाडी'च्या नोंदी सर्वांत जास्त आहेत आणि ते साहजिकच आहे. व्यंकटेश माडगूळकरांचे माडगुळे आमच्याच जिल्ह्यातल्या आटपाडी तालुक्यात आहे, आणि धनगरांच्या वाडीवर नेमणूक झालेल्या कोवळ्या मास्तरची ती गोष्ट येथील निम्म्या शिक्षकांना स्वतःची वाटते. १९५५ साली पुस्तकरूपाने आलेली ही कादंबरी अजूनही वर्षाकाठी किमान पाच-सहा नव्या नोंदी मिळवते. त्यांपैकी एक नोंद नव्याने नोकरीला लागलेल्या शिक्षिकेची आहे. तिने लिहिले आहे की जत तालुक्यात पहिली नेमणूक झाल्यावर वडिलांनी डब्याबरोबर हे पुस्तक दिले, आणि 'कोणाला द्यावे' येथे तिचे उत्तर आहे, "बदलीचा अर्ज भरण्याआधी एकदा."

याउलट 'एक होता कार्व्हर'ची शिफारस वहीत इतक्या वेळा आणि इतक्या सरसकट आलेली आहे की तिला काही अर्थ उरलेला नाही. वीणा गवाणकरांचे हे पुस्तक उत्तम आहे, १९८१ पासून ते मराठी घरांत वाचले जात आहे, याविषयी वादच नाही. परंतु आठवीतल्या कोणत्याही मुलाला काय द्यावे हे सुचले नाही की हात आपोआप त्याच्याकडे जातो. तेथे सुचवणाऱ्याने मुलाकडे पाहिलेले नसते. काकूंनी अशा एका नोंदीशेजारी पेन्सिलीने बारीक अक्षरात "मुलगा काय वाचतो ते विचारलंत का?" असे लिहून ठेवले आहे. सभासदाच्या नोंदीवर अशी टिप्पणी करावी का, हा प्रश्न आहे. मला ती आवडली, ज्याने नोंद केली त्याला आवडली असेल असे वाटत नाही.

आता अर्ध्या वर्तुळांकडे येतो. दीड वर्षाच्या काळात मी तीन जाडजूड ऐतिहासिक कादंबऱ्या नेल्या आणि तिन्ही अर्ध्यावर परत केल्या. इतिहास हा आपला प्रांत नव्हे, असा निष्कर्ष मी स्वतःपुरता काढलाही होता. चौथ्या वेळी मी कथासंग्रहांच्या कपाटाकडे वळत असताना काकूंनी माझे पत्रक पुढे ओढले आणि तिन्ही अर्धी वर्तुळे बोटाने दाखवत विचारले, "कुठे सोडलंत, आठवतंय का?" आठवत होते. तिन्ही पुस्तके दरबारातल्या लांबलचक संवादांपाशी सुटली होती. "मग तुम्हाला इतिहास नको आहे असं नाही, तुम्हाला भाषणं नको आहेत," असे म्हणून त्यांनी विष्णुभट गोडसे यांचे 'माझा प्रवास' काढून दिले.

वरसईचा एक गरीब भिक्षुक घरचे कर्ज फिटावे म्हणून दानदक्षिणेच्या आशेने उत्तरेकडे निघतो, १८५७ च्या बंडात सापडतो, झाशीला वेढा पडला तेव्हा तो शहरातच असतो, आणि अनेकदा लुटला जाऊनही गंगेची कावड खांद्यावर घेऊन घरी परततो, अशी ही हकिकत आहे. तिला उद्गारचिन्हांची गरज पडत नाही. लेखकाला आपण इतिहास पाहत आहोत याची जाणीव कमी आणि जेवण कोठे मिळेल याची काळजी जास्त आहे, त्यामुळे झाशीच्या गल्ल्यांतील भीती वाचणाऱ्याच्याही अंगाला लागते. १९०७ साली चिंतामण विनायक वैद्य यांनी ती प्रथम संपादित करून छापली, हे मला ठाऊक होते. पुस्तकाचे नाव मी शाळेपासून ऐकत होतो. तरीही चाळीस वर्षांत ते मला कोणी दिले नव्हते, कारण मला इतिहास आवडतो का, एवढेच प्रत्येकाने विचारले होते. मी ते चार रात्रींत संपवले. ऑनलाइन दुकानेही "हे घेणाऱ्यांनी तेही घेतले" असे सुचवत असतात, परंतु विकत घेतलेले छापील पुस्तक मी किती पानांवर मिटले हे त्यांना कळायला मार्ग नाही. मी जे घेतले त्यासारखेच आणखी ती माझ्यापुढे मांडत राहतात, आणि माझ्या बाबतीत ती दरबारातील संवादांची चौथी कादंबरी ठरली असती.

दिवाळी अंकांची योजना स्वतंत्र आहे. ४०० रुपयांत नोव्हेंबरपासून होळीपर्यंत अंक बदलून मिळतात. १९०९ मध्ये काशिनाथ रघुनाथ मित्रांनी 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी वाचकाचा हा वार्षिक सोहळा आहे, आणि प्रत्येक वाचनालयात अशी योजना असतेच. येथील वेगळेपण इतकेच की अनुक्रमणिकेवर पेन्सिलीने बारीक टिंब देण्याची मुभा आहे. जानेवारीनंतर अंक हाती आला की कोणत्या कथेसमोर किती टिंबे पडली आहेत ते पाहून वाचायला घेता येते. मी मुद्दाम एकही टिंब नसलेले लेख आधी वाचतो. दोनदा पश्चात्ताप झाला आणि एकदा फार चांगले व्यक्तिचित्र सापडले.

त्रुटी सांगितल्याच पाहिजेत. जिना अरुंद आणि उभा आहे, कठडा एकाच बाजूला आहे, आणि ज्यांना वाचायला सर्वाधिक सवड आहे त्याच वयाच्या सभासदांना तो चढवत नाही. घरपोच पुस्तके देण्याची सोय दोन वर्षांपूर्वी सुरू होऊन बंद पडली. कवितेचे एकच कपाट आहे आणि तेही दाराच्या मागे, म्हणजे दार उघडे असताना ते दिसतच नाही. नव्या गाजलेल्या पुस्तकाची एकच प्रत घेतली जाते. मागणी-वहीत माझा क्रमांक सतरावा होता, तेव्हा ते पुस्तक हाती येईपर्यंत त्याच्याविषयीची उत्सुकता संपून गेली होती. यशस्वी कसे व्हावे या विषयावरील अनुवादित पुस्तकांना मात्र दर्शनी फळी मिळालेली आहे. "वर्गणी त्यांच्यावर चालते," असे काकू सरळ सांगतात आणि त्यावर बोलण्यासारखे काही उरत नाही.

वहीचीही एक अडचण आहे. कोणीतरी 'रणांगण'समोर त्या कादंबरीचा शेवट दोन ओळींत लिहून टाकला होता. काकूंनी त्यावर कागदाची पट्टी चिकटवली. आता प्रत्येक नवा सभासद ती पट्टी नखाने उचलून पाहतो, आणि पट्टीचा कोपरा काळवंडला आहे. विश्राम बेडेकरांची ती १९३९ ची कादंबरी लहानशी आहे, युद्धाच्या सावटाखाली युरोपहून मुंबईकडे येणाऱ्या बोटीवर बहुतेक सारी घडते, आणि शेवट ठाऊक असूनही तिची धार कमी होत नाही. तरीदेखील प्रथम वाचणाऱ्याचा हक्क असा हिरावून घेऊ नये.

दोन वर्षांपूर्वी तरुण सभासदांच्या आग्रहाने वाचनालयाचा व्हॉट्सअ‍ॅप गटही सुरू झाला. पहिल्या महिन्यात लोकांनी आपण वाचत असलेल्या पुस्तकांची मुखपृष्ठे टाकली, काहींनी त्याशेजारी चहाचा कपही ठेवला, आणि तिसऱ्या महिन्यापासून तेथे सुप्रभात व चतुर्थीच्या शुभेच्छा येऊ लागल्या. मी त्या गटाचा आवाज बंद करून ठेवला आहे. ज्या सभासदांनी गटात वर्षभरात केवळ अंगठे उमटवले, त्यांच्यापैकी दोघांच्या लांब आणि विचारपूर्वक नोंदी मला वहीत भेटल्या. हे मला कसे कळले, तर हस्ताक्षरावरून. नाव न लिहिण्याचा नियम सहा वर्षांनंतर फारसा उपयोगाचा राहत नाही.

वाचनालय गुरुवारी बंद असते. वही निवांत चाळायची असल्यास सकाळी दहाच्या सुमारास जावे, कारण संध्याकाळी डेस्कापाशी शाळकरी मुलांची गर्दी असते आणि ती पेनासाठी भांडतात. आधीच्या भरलेल्या तीन वह्या काकूंच्या खुर्चीमागील फडताळात आहेत. मागितल्या तर तेथेच बसून वाचायला मिळतात, घरी नेता येत नाहीत. मी सध्या त्यांतली दुसरी वाचतो आहे. गेल्या शनिवारी निघताना ती परत दिली, तेव्हा काकूंनी सवयीने पेन्सिल उचलून विचारले, "पूर्ण झाली, की परत आणलीत?"