साठीनंतर काय शिकावं: ल्युसिड ड्रीमिंग की योगनिद्रा?

पहाटेचे पावणेचार. बाथरूमला जाऊन आलो, पांघरूण ओढलं आणि आता डोळे टक्क उघडे. साठी उलटलेल्यांना ही वेळ वेगळी सांगायला नको. या वेळेचं काहीतरी करावं म्हणून मी आधी ल्युसिड ड्रीमिंगच्या मागे लागलो, मग योगनिद्रेकडे वळलो, आणि आता दोन्ही थोडं थोडं करतो. हल्ली ओळखीतले दोघे-तिघे विचारतात की यातलं काय धरावं. उत्तर माणसाच्या झोपेवर अवलंबून आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ल्युसिड ड्रीम म्हणजे स्वप्न चालू असतानाच ‘हे स्वप्न आहे’ हे कळणं. एवढंच. उडणं, हवं ते घडवणं हा पुढचा भाग, आणि तो जमेलच असं नाही. हा शब्द १९१३ मध्ये फ्रेडरिक व्हॅन एडन या डच मनोविकारतज्ज्ञाने रूढ केला. पण त्याला प्रयोगशाळेतला पुरावा मिळाला १९७५ मध्ये, इंग्लंडमधल्या हल विद्यापीठात. स्वप्नांच्या झोपेत, म्हणजे रेम झोपेत, अंग लुळं पडलेलं असतं, पण डोळे हलतात. ॲलन वर्स्ली नावाच्या माणसाने झोपेतून आधी ठरल्याप्रमाणे डोळे डावी-उजवीकडे फिरवले आणि संशोधक कीथ हर्नने ती खूण यंत्रावर टिपली. २०२१ मध्ये तर झोपलेल्या माणसाला ‘८ वजा ६ किती’ विचारल्यावर डोळ्यांच्या हालचालींतून ‘२’ हे उत्तर आल्याचं प्रसिद्ध झालं. तेव्हा ही भोंदूगिरी नाही. आपल्याकडेही पतंजलींनी ‘स्वप्ननिद्राज्ञानालम्बनं वा’, म्हणजे स्वप्न आणि निद्रेतल्या ज्ञानाचा आधार घेऊनही मन स्थिर होतं, असं सूत्र लिहून ठेवलंय, तिबेटी बौद्धांच्या साधनेत तर स्वप्नयोग आहेच.

योगनिद्रा उलट्या बाजूने येते. ल्युसिड ड्रीमिंगमध्ये झोपेत बुडाल्यावर भानावर यायचं असतं; योगनिद्रेत जागेपणीच झोपेच्या काठापर्यंत जाऊन तिथे थांबायचं. आज शिकवतात ती पद्धत मुंगेरच्या स्वामी सत्यानंद सरस्वतींनी बसवली: शवासन, संकल्प, उजव्या अंगठ्यापासून सुरू करून सगळ्या अंगावर लक्ष फिरवणं, श्वास उलटे मोजणं, काही दृश्यं डोळ्यांपुढे आणणं. अर्ध्या तासाचं काम. झोपायचं नसतं, असं शिकवणारे बजावतात. वर्गात निम्मे घोरतात ते वेगळं.

आता वयाचा मुद्दा. वय वाढतं तशी गाढ झोप बरीच घटते, पण स्वप्नांची झोप त्या मानाने थोडीच कमी होते. झोप तुटक होते, आणि रेमचे लांब पल्ले रात्रीच्या शेवटच्या तिसऱ्या भागात येतात. पहाटेचं स्वप्न आपल्या लक्षात राहतं ते बहुधा यामुळेच. ते खरं होतं की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं. तरुण मंडळी ल्युसिड ड्रीमसाठी झोपल्यावर पाच तासांनी गजर लावून उठतात आणि पुन्हा झोपतात. आपल्याला तो गजर निसर्गानेच लावून दिलाय. इथे म्हातारपण कामी येतं.

त्या जागेपणात करायचं काय? स्टीफन लाबर्ज या अमेरिकी स्वप्नसंशोधकाने सांगितलेली रीत सर्वांत सोपी. नुकतं पडलेलं स्वप्न आठवायचं, त्यातली एखादी विचित्र गोष्ट पकडायची, आणि ‘पुढच्या वेळी स्वप्नात असेन तेव्हा हे स्वप्न आहे हे मला आठवेल’ असं मनात घोळवत झोपायचं. येताना कोथिंबीर आणायचीय हे लक्षात ठेवतो ना, तसलीच ही आठवण. अर्थात कोथिंबीर विसरायचंही हेच वय. शिवाय उतारवयात स्वप्नंही कमी आठवतात, म्हणून पहिला महिना नुसती स्वप्नवही लिहा. माझी वही पहिले दहा दिवस कोरीच होती. दिवा लावून लिहायला लागलो तर ‘अहो, रात्री-बेरात्री कसले हिशेब मांडताय?’ असं ऐकावं लागलं. मग मोबाइलवर कुजबुजत रेकॉर्ड करू लागलो.

खरी गोची पुढे आहे. ऑस्ट्रेलियात डेनहोम ॲस्पी यांच्या २०१७ च्या अभ्यासात ही रीत, पहाटेचं उठणं आणि दिवसा ‘मी स्वप्नात तर नाही ना’ असं तपासणं, हे सगळं एकत्र करणाऱ्यांना आठवडाभरात साधारण १७ टक्के रात्री यश आलं. मात्र मनात घोळवून झाल्यावर पाच मिनिटांत ज्यांना झोप लागली, त्यांच्यात हेच प्रमाण ४६ टक्क्यांच्या आसपास गेलं. पहाटे चारला पाच मिनिटांत झोप! कुणाला लागते?

मला पंधरा-वीस मिनिटं लागतात. सातव्या आठवड्यात पहिल्यांदा जमलं. स्वप्नात एसटी स्टँडवर उभा होतो, फलकावरचं गावाचं नाव पुन्हा वाचलं तर भलतंच झालेलं. कळलं, आणि त्या आनंदानेच जाग आली. जेमतेम पाच-सात सेकंद. नंतर स्वप्नातच तळहात एकमेकांवर घासायची युक्ती समजली, त्याने थोडं लांबतं. दीड वर्षात अशी अकरा स्वप्नं. योगनिद्रेने मात्र दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासूनच अंग हलकं वाटू लागलं. सांगण्यासारखं त्यात काही घडत नाही, चारचौघांत विषय काढला तर लोक जांभया देतात. पण झोपेवर तिचा परिणाम होतो: जुनाट निद्रानाशाच्या रुग्णांवर भारतात झालेल्या, २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत योगनिद्रेने झोप सुधारल्याचं दिसलं. ल्युसिड ड्रीमिंग झोप देत नाही, उलट थोडी उधार मागतं. ज्याच्याकडे शिल्लकच नाही त्याने ती देऊ नये.

काहींनी तर आधी डॉक्टर गाठावा. झोपेत लाथा झाडणं, ओरडणं, स्वप्नातल्या माणसाला खरोखर ठोसा मारणं असं घरचे सांगत असतील तर हा गमतीचा विषय नाही. रेम झोपेत अंग लुळं पडण्याची यंत्रणा बिघडल्याचं ते लक्षण असतं, पन्नाशीनंतरच्या पुरुषांत जास्त दिसतं, आणि पुढे येणाऱ्या पार्किन्सनची ती आगाऊ सूचनाही असू शकते. मोठं घोरणं आणि श्वास अडकणं असेल तर तेही आधी तपासा. भास होण्याचा मानसिक आजार होऊन गेला असेल तर ल्युसिड ड्रीमिंगच्या वाटेला जाऊ नका. नैराश्यावरच्या बऱ्याच गोळ्या रेम झोप दाबतात, काही बीटा ब्लॉकर, म्हणजे नाडी मंद करणाऱ्या बीपीच्या गोळ्या, भडक स्वप्नं आणतात. पण म्हणून गोळी मनाने बंद करायची नाही.

ल्युसिड ड्रीमसाठी गॅलॅन्टामाइन या गोळीचं नाव कुठेतरी वाचाल. २०१८ च्या प्रयोगात १२१ जणांपैकी ४२ टक्क्यांना ८ मिलिग्रॅमच्या रात्री ल्युसिड ड्रीम पडलं, नकली गोळीच्या रात्री १४ टक्क्यांना. आकडा मोहात पाडणारा आहे. पण ते अल्झायमरचं औषध आहे, नाडी मंद करतं, आणि आपल्यातले कितीतरी जण आधीच नाडी मंद करणारी बीपीची गोळी घेतात. मौजेखातर हा धोका मी घेणार नाही.

आणि कुणी फक्त दुःस्वप्नांपायी याकडे वळत असेल, तर दोन्ही राहू द्या. दिवसाउजेडी ते स्वप्न कागदावर लिहायचं, त्याचा शेवट आपल्याला हवा तसा बदलायचा आणि रोज दहा-वीस मिनिटं त्या नव्या स्वप्नाची मनात उजळणी करायची. वारंवार छळणाऱ्या दुःस्वप्नांवर डॉक्टरही ही रीत सुचवतात.

बाकीच्यांनी पंधरा दिवस फक्त दोन गोष्टी टिपाव्यात: पहाटे जाग कधी आली, आणि पुन्हा झोप लागायला अंदाजे किती वेळ गेला. मध्ये घड्याळ बघत बसू नका, सकाळी आठवून लिहा. वीस मिनिटांच्या आत लागत असेल तर खुशाल ल्युसिड ड्रीमिंग धरा, आठवड्यातून दोनच रात्री. चारला उठून चहाचं आधण ठेवणाऱ्यांपैकी असाल, तर दुपारची योगनिद्रा बरी. पण सतरंजी जमिनीवर घाला. पलंगावर केलीत तर वामकुक्षी होते, आणि मग रात्री तीनलाच जाग येते.