पुणे ते अकोला, साधं स्लीपर, आईबाबांना घेऊन

डिसेंबरात आईबाबांना अकोल्याला सोडायला रात्रीच्या ट्रेनने गेले, साधं स्लीपर, आणि आता घरात ठरलंय की ते दोघं सोबत असतील तर ट्रॅव्हल्सचं नाव काढायचं नाही. त्याच्या आधी बसने गेलो होतो, बाबांना डायबेटिस, रात्री दोन-तीनदा उठावं लागतं, आणि ड्रायव्हर म्हणे आता गाडी ढाब्यावरच थांबेल. ७२ वर्षांचा माणूस तासभर कसाबसा दम धरून बसला होता, ते मी विसरूच शकत नाही. ट्रेनमध्ये उठलं, चप्पल घातली, चार पावलं गेलं की बाथरूम. बाकी काही नसतं तरी एवढ्यासाठी मी ट्रेनच घेतली असती.

आता तिकिटाचं नीट वाचा कारण मला हे फार उशिरा कळलं. सीनियर सिटिझनचा लोअर बर्थ कोटा असतो, पुरुषांना ६० पासून आणि बायकांना ४५ पासून, पण तो तिकिटावर एक किंवा दोघंच असतील आणि दोघंही त्या वयात बसत असतील तरच चालतो. मी इतकी वर्षं तिघांचं एकत्र काढायचे आणि बाबांच्या नशिबी मिडल यायचा, गुडघ्यांनी कसं चढायचं हो? यावेळी त्यांचं वेगळं काढलं, ९ आणि १२, समोरासमोर दोन्ही लोअर, आणि माझं वेगळं, १५, म्हणजे त्याच कप्प्यात साईड लोअर. नंबरला ८ ने भागा, बाकी १ किंवा ४ उरली की लोअर, ७ उरली की साईड लोअर. पहिले आठ नंबर शक्यतो नकोत, बाथरूमचं दार रात्रभर वाजतं.

मिडलवर एक कॉलेजचा मुलगा होता. नियमाने दहा ते सहा मिडल लावता येतो, पण आई म्हणाली बाळा ह्यांना दोन घास खाऊ दे मग लाव, तर तो मोबाईल घेऊन निमूट बसून राहिला, आणि नंतर बर्थ लावल्यावर दोन्ही साखळ्या ओढून बघितल्या आणि म्हणाला, काकू, घट्ट बसल्यात, तुम्ही बिनधास्त झोपा. मला फार बरं वाटलं.

स्लीपरमध्ये अंथरूण-पांघरूण मिळत नाही, आपलं आपण न्यायचं. नगर गेल्यावर असा गारठा सुटला की काच लावूनही फटीतून वारा येत होता, लोखंडी शटर पण ओढलं तेव्हा कुठे थांबलं. आईची गोधडी होती म्हणून निभावलं. साईड लोअरवर दोन सीट पाडून बर्थ होतो त्यात मधे फट राहते ती पाठीला टोचते, शालीची घडी घालून भरली. आणि साईडचा बर्थ आखूड असतो, उंच माणसाने घेऊ नये. सामानाला साखळी-कुलूप न्या, सीटखाली कड्या असतात. मे महिन्यात मात्र मी म्हाताऱ्या माणसांना स्लीपरने नेणार नाही, तेव्हा थर्ड एसीच.

भुसावळला चहा घेताना बाबा म्हणाले एकदाच उठलो गं. होळीला त्यांना परत आणायचंय, बुकिंग ६० दिवस आधी सकाळी ८ ला उघडतं, अलार्म लावून ठेवलाय, त्यांचं वेगळं आणि माझं वेगळं.