जुना अॅम्प (अॅम्प्लिफायर) घेताय? नॅड ३०२० की क्वाड ४०५

दोन्ही सत्तरच्या दशकातले, दोन्ही सॉलिड स्टेट (म्हणजे व्हॉल्व्हचे नाहीत, ट्रान्झिस्टरचे), पण जातच वेगळी. नॅड ३०२० इंटिग्रेटेड आहे, म्हणजे प्रीअॅम्प (इनपुट निवडणारा, आवाज कमीजास्त करणारा भाग) आणि स्पीकर चालवणारा पॉवर अॅम्प एकाच डब्यात, कागदावर फक्त २० वॉट, तरी ऐकताना तसं वाटत नाही बरं का, आणि फोनो इनपुट (रेकॉर्ड प्लेअरसाठीचं) आतच असल्यामुळे टर्नटेबल लावला की झालं काम. क्वाड ४०५ नुसता पॉवर अॅम्प, १०० वॉट, म्हणजे प्रीअॅम्प वेगळा शोधा, वर मागे डिन सॉकेट (जुनं गोल, अनेक पिनांचं), त्याची केबल शोधा.

माझं म्हणाल तर छोटी खोली आणि बरे बुकशेल्फ स्पीकर असतील तर नॅडच. फक्त घेताना मागे प्री-आउट आणि मेन-इन (प्रीअॅम्पमधून बाहेर, पॉवर अॅम्पमध्ये आत) ही सॉकेट जोडणाऱ्या त्या यू आकाराच्या पिना आहेत का बघा, हरवल्या असतील तर आवाजच येत नाही आणि माणूस उगाच अॅम्प मेला समजतो. व्हॉल्यूम फिरवताना खरखर आली तर घाबरू नका, बहुतेक वेळा कॉन्टॅक्ट क्लीनर मारून जाते.

स्पीकर कमी सेन्सिटिव्हिटीचे, म्हणजे तेवढ्याच आवाजाला जास्त वॉट मागणारे असतील तर मात्र क्वाड, पण ४ ओमचे स्पीकर लावताना जपून.

आणि कुठलाही घ्या, स्पीकर जोडायच्या आधी आउटपुटला मल्टीमीटर लावून डीसी मोजा. काही मिलिव्होल्ट चालतील, व्होल्टमध्ये आकडा दिसला तर हात जोडून परत या.