लिफ्टचा मेंटेनन्स: कंपनीलाच द्यायचा की बाहेरच्याला?

कॉन्ट्रॅक्ट रिन्यू करायची वेळ आली की आमच्या कमिटीत दरवेळी तेच भांडण, एक जण म्हणणार ज्या कंपनीची लिफ्ट तिलाच द्या, दुसरा म्हणणार ते कापतात बाहेरचा बघा, आणि दोघंही कोटेशनचा फक्त शेवटचा आकडा बघत असतात. मी दोन्हीकडची सर्व्हिस काही वर्षं भोगलीये म्हणून लिहितोय.

आकडा बघायच्या आधी कंट्रोलर, म्हणजे लिफ्ट चालवणारं पॅनेल, बघा. हे कुणी सांगत नाही आणि अर्धा निर्णय तिथेच होतो. पॅनेल जुनं रिलेवालं असेल किंवा बाजारात सुटा मिळणारा मायक्रोप्रोसेसर कंट्रोलर असेल तर कुठलाही बरा मेकॅनिक ते चालवू शकतो. पण कंपनीचा स्वतःचा बंद कंट्रोलर असेल, ज्याला त्यांचंच सर्व्हिस टूल नाहीतर पासवर्ड लागतो, तर बाहेरचा माणूस ग्रीसिंग करेल, दरवाजा अ‍ॅडजस्ट करेल, आणि खरा फॉल्ट आला की हात वर करेल. मग कंपनीलाच फोन, आणि तेव्हा कॉन्ट्रॅक्ट नसल्यामुळे बिल वेगळं. कोटेशन मागतानाच बाहेरच्याला विचारायचं की या मॉडेलचं टूल तुमच्याकडे आहे का, असेल तर पॅनेल उघडून समोर फॉल्ट हिस्ट्री काढून दाखवा. जो टाळाटाळ करतो तो बाद.

कंपनीच्या बाजूने बोलायचं तर नव्या पद्धतीच्या लिफ्टमध्ये त्यांचं पारडं जड आहे. कोने कंपनीने 1996 मध्ये मशीन रूम नसलेली मोनोस्पेस आणली, ओटिसने 2000 मध्ये जेन2 आणली ज्यात स्टीलच्या दोरांच्या जागी पॉलियुरेथेनचं आवरण असलेले चपटे बेल्ट आहेत. दोराची तुटलेली तार डोळ्याला दिसते, व्यास मोजता येतो, पण बेल्टच्या आतली तार दिसणारच नाही, त्याची तपासणी वेगळी. असल्या लिफ्टवर ट्रेनिंग नसलेला माणूस सोडणं म्हणजे नसती रिस्क.

पण कंपनीचं नाव मोठं म्हणून सर्व्हिस मोठी असंही नसतं हो. आमच्याकडे येणाऱ्या मेकॅनिकच्या अंगावर एवढ्या लिफ्ट होत्या की बिचारा महिन्याची सर्व्हिस पंधरा मिनिटांत उरकून सहीला यायचा. त्यात लिफ्ट जरा जुनी झाली की दर भेटीत मॉडर्नायझेशनचं तुणतुणं. आणि मोठ्यांचा रेट म्हणजे बाजाराचा रेट असं समजू नका, 2007 मध्ये युरोपियन कमिशनने ओटिस, शिंडलर, कोने आणि थिसनक्रुप यांना कार्टेल (आपसात संगनमत) केलं म्हणून सुमारे 99 कोटी युरोंचा दंड ठोकला होता (पुढे कोर्टात त्यातला काही कमी झाला), आणि त्यात लिफ्ट बसवण्याबरोबर मेंटेनन्सची कामंही होती. म्हणून घासाघीस करायला लाजू नका.

बाहेरच्याचा फायदा एकच पण मोठा, फोन मालक स्वतः उचलतो. माणूस बऱ्याचदा आधी कंपनीतच शिकलेला असतो, आणि तुमची एक लिफ्ट गेली तर त्याला फरक पडतो. तोटा म्हणजे पार्ट. दुरुस्त केलेलं कार्ड (कंट्रोलरमधला सर्किट बोर्ड) नवं म्हणून बसवणं हा प्रकार होतो, म्हणून काढलेला पार्ट ताब्यात घ्यायचा. आणि सगळ्यात वाईट म्हणजे जंपर. डोअर लॉकचा कॉन्टॅक्ट सारखा त्रास देतो म्हणून तो वायर टाकून बायपास केला की लिफ्ट मस्त चालते, तक्रारी बंद, सगळे खूश, फक्त आता ती दरवाजा उघडा असतानाही चालू शकते. हे कंपनीचा माणूसही करू शकतो, पण लहान ठिकाणी त्याच्यावर नजर ठेवणारं कुणी नसतं. असं एकदा जरी सापडलं तर त्या दिवशी कॉन्ट्रॅक्ट संपवा, दर कितीही कमी असो.

आता कॉम्प्रिहेन्सिव्ह की साधं. साध्यात ऑइलिंग, अ‍ॅडजस्टमेंट आणि ब्रेकडाउन कॉल, पार्टचे पैसे आपले. कॉम्प्रिहेन्सिव्हमध्ये पार्ट धरलेले असतात पण सगळे नाही, आणि खरी गंमत त्या ‘नाही’च्या यादीत असते. दोर, मोटर, ड्राइव्ह (मोटरचा वेग सांभाळणारं युनिट), बॅटरी, पिटमध्ये (लिफ्टखालच्या खड्ड्यात) पाणी शिरून झालेलं नुकसान, व्होल्टेजमुळे उडालेलं कार्ड, हे सगळं वगळलं असेल तर उरलं काय, रोलर आणि बटणं? त्याला कॉम्प्रिहेन्सिव्ह म्हणून जास्त पैसे देण्यात अर्थ नाही. माझं मत विचाराल तर लिफ्ट नवी असताना साधं बास, मधल्या वयात जेव्हा दोर आणि कार्डं जायला लागतात तेव्हा कॉम्प्रिहेन्सिव्ह, पण दोर आणि ड्राइव्ह त्यात लिहून घेऊनच. अगदी म्हाताऱ्या लिफ्टला कुणी प्रामाणिकपणे कॉम्प्रिहेन्सिव्ह देतच नाही.

सर्व्हिस चांगली की वाईट हे आपल्यालाही कळतं. लिफ्ट मजल्याशी लेव्हल थांबते का, दरवाजा एका फटक्यात लागतो की दोनदा आपटतो (निम्म्याहून जास्त कटकटी दरवाज्याच्याच असतात), पिट कोरडा आहे का, केबिनच्या छतावर जळमटं आहेत का. लॉगबुकात तोच फॉल्ट तीनदा दिसला तर तो दुरुस्त झालेला नाही, फक्त रिसेट झालाय. ब्रेकचं काय केलं ते मुद्दाम विचारा. काउंटरवेट, म्हणजे दोराच्या दुसऱ्या टोकाचं वजन, हे रिकाम्या केबिनपेक्षा क्षमतेच्या 40 ते 50 टक्के जास्त जड ठेवतात, त्यामुळे ब्रेक सुटला तर रिकामी केबिन खाली न येता वर जाते, हे ऐकून आमच्या अध्यक्षांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

आणि जो मेंटेनन्स करतो त्याच्याकडूनच सुरक्षेचा दाखला घेऊ नका, इन्स्पेक्शन तिसऱ्याकडून करून घ्या. ब्रिटनमध्ये कामाच्या ठिकाणच्या पॅसेंजर लिफ्टची साधारण दर 6 महिन्यांनी सक्षम माणसाकडून कसून तपासणी करावी लागते, ती महिन्याच्या सर्व्हिसमध्ये धरत नाहीत.

आम्ही शेवटी एक लिफ्ट कंपनीकडे ठेवली कारण कंट्रोलर बंद आहे, आणि जुनी बाहेरच्याला दिली. दोन्ही कॉन्ट्रॅक्टमधून आपोआप रिन्यू होण्याचं कलम खोडून घेतलं, पॅनेलचे ड्रॉइंग आणि पासवर्ड जाताना परत द्यायचे हे बाहेरच्याकडून लिहून घेतलं. कंपनीने पासवर्डचं कलम काही मान्य केलं नाही, त्याच्या बदल्यात रेट थोडा कमी करून घेतला.