घर पाहिलं होतं, करारही केला होता, तरी ४,०६० युरो गेले

ओळखीतल्या प्रत्येकाने पहिला प्रश्न हाच विचारला : ‘अगं, पण घर न बघता पैसे कशाला दिलेस?’ घर मी बघितलं होतं. आत गेले होते, नळ सोडून पाहिला होता, खिडकीतून खालचं अंगण पाहिलं होतं, करारावर त्या माणसासमोर बसून सही केली होती. न बघता पैसे पाठवणारे फसतात हे मलाही ठाऊक होतं. ‘मी सध्या परदेशात आहे, किल्ली कुरियरने पाठवतो’ वाल्या तीन जाहिराती मी स्वतः ओळखून सोडून दिल्या होत्या. त्यामुळेच मी निर्धास्त राहिले आणि त्याचाच मला जास्त राग येतो.

सप्टेंबर २०२४ मध्ये मी पुण्याहून बर्लिनला नोकरीसाठी आले. कंपनीने दिलेली खोली ३० सप्टेंबरपर्यंतच होती. नवरा आणि सहा वर्षांची मुलगी १९ ऑक्टोबरला येणार, त्यांची तिकिटं काढून झालेली. बर्लिनमध्ये घर शोधणं म्हणजे काय ते तिथे राहिलेल्यांना सांगायला नको. मी ७३ अर्ज केले, त्यातून चार घरं बघायला बोलावणं आलं. एका ठिकाणी तर जिन्यापासून फुटपाथपर्यंत रांग होती आणि प्रत्येकाच्या हातात फाईल. माझ्याकडे शुफाचा, म्हणजे लोकांची पत नोंदवून ठेवणाऱ्या इथल्या कंपनीचा, पतअहवाल नाही, इथल्या पगाराच्या तीन पावत्या नाहीत, जर्मन मोडकंतोडकं. पत्ता मिळाल्याशिवाय आनमेल्डुंग, म्हणजे रहिवासी नोंदणी होत नाही. ती झाल्याशिवाय कर क्रमांक येत नाही. आणि कायदा म्हणतो की घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत नोंदणी करा.

अशात २० तारखेला, शुक्रवारी, एका मोठ्या आणि नावाजलेल्या साइटवर जाहिरात दिसली. व्हेडिंग भाग, झेऽश्ट्रासे स्टेशनपासून पाच मिनिटं, दोन खोल्या, ५४ चौरस मीटर. काल्टमीटे, म्हणजे मूळ भाडं, ८४० युरो. पाणी, हीटिंग धरून वार्ममीटे १,०९०. हे आकडे मुद्दाम देते, कारण ‘स्वस्त दिसलं म्हणून भुललीस’ असंही ऐकलंय. ते स्वस्त नव्हतं. ४०० युरोत महाल देतो म्हणणारा असता तर मीही ती जाहिरात सोडून दिली असती.

तासाभरात उत्तर आलं. उद्याच या, म्हणाला, फक्त शनिवार-रविवार जमेल, सोमवारी मी लिस्बनला चाललोय, तिकडे नोकरी लागली आहे. चाळिशीचा, स्वच्छ इंग्रजी बोलणारा, नम्र माणूस. शनिवारी मी गेले. तिथे दारांवर फ्लॅट नंबर नसतात, खाली बेलच्या पाटीवर नुसती आडनावं असतात. त्याने जी बेल दाबायला सांगितली तिच्यावर त्याचं आडनाव नव्हतं. मी विचारलं, अगदी विचारलं. ‘बायकोचं माहेरचं नाव,’ तो म्हणाला. लग्नानंतर मीही माझं आडनाव बदललेलं नाही. मला ते लगेच पटलं.

आता तो क्षण, जो रोज रात्री डोळ्यांपुढे येतो. स्वयंपाकघरात फ्रिजच्या बाजूला भिंतीवर एक छोटी फ्रेम होती. फ्रेममध्ये इंग्रजीत वायफायचं नाव आणि पासवर्ड. खाली कोणता कचरा कोणत्या डब्यात टाकायचा ते. पलंगावर पायथ्याशी दोन टॉवेल घडी करून ठेवलेले. आणि मी, पंधरा वर्षं नोकरी केलेली बाई, मनात म्हणाले, ‘किती टापटीप माणूस आहे!’ स्वतःच्या घरात स्वतःसाठी वायफायचा पासवर्ड फ्रेम करून कोण लावतं? ते घर पर्यटकांना दिवसावर भाड्याने देतात ते होतं. या माणसाने ते शुक्रवार ते सोमवार बुक केलं होतं आणि त्या तीन दिवसांत माझ्यासारख्यांना ‘माझं घर’ म्हणून दाखवत होता. पुरावा माझ्या नाकासमोर, काचेच्या आड टांगलेला होता. तो मी वाचला, आणि वर त्याचा फोटो काढून नवऱ्याला पाठवला. तो फोटो अजून फोनमध्ये आहे.

रविवारी संध्याकाळी सही झाली. डिपॉझिट तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकं, २,५२० युरो, मी तिथेच टेबलाशी बसून इन्स्टंट ट्रान्स्फरने पाठवलं. ऑक्टोबरचं भाडं १,०९० आणि सोफा-कपाटाचे ४५० असे १,५४० युरो रोख दिले, त्याची सही केलेली पावती घेतली. एकूण ४,०६०. त्या वेळच्या दराने जवळजवळ पावणेचार लाख रुपये. खात्याचा क्रमांक जर्मनीच्या डीई अक्षरांनी नव्हे तर एलटीने, म्हणजे लिथुआनियाचा, सुरू होत होता. परदेशी क्रमांक असला म्हणजे चोरच असं नाही, ॲपवरच्या बँका तसे देतात, म्हणून मी गप्प बसले. ऑक्टोबर २०२५ पासून युरो वापरणाऱ्या देशांत पैसे पाठवण्याआधी नाव आणि खातं जुळतं का ते बँकेने दाखवायचं असा नियम झाला आहे. जुळत नाही असं स्क्रीनवर आलं तर तिथेच उठा. माझ्या वेळी ते नव्हतं.

डिपॉझिटचा कायदाही लक्षात ठेवा. तीन महिन्यांच्या मूळ भाड्यापेक्षा जास्त मागता येत नाही आणि ते तीन मासिक हप्त्यांत देण्याचा हक्क भाडेकरूला आहे, पहिला हप्ता भाडं सुरू होताना. किल्ली हातात येण्याआधी सगळं द्या म्हणणाऱ्याला हे वाक्य ऐकवा आणि चेहरा बघा. मला हे नंतर कळलं.

त्याने मला घरमालकाचा दाखलाही सही करून दिला, नोंदणीसाठी लागतो तो. तो हातात पडल्यावर माझी उरलीसुरली शंका गेली. हा कोरा फॉर्म सरकारी साइटवरून कुणीही उतरवून घेऊ शकतं! पुण्यात आम्ही घर भाड्याने घेतलं तेव्हा लिव्ह अँड लायसन्सची नोंदणी झाली, अंगठे झाले, फोटो झाले, मालकाचा इंडेक्स टू, म्हणजे घराच्या नोंदणीचा उतारा, मी स्वतः बघितला होता. त्या सवयीने कागद आहे म्हणजे मागे कुणीतरी उभं आहे असं मी धरून चालले. जर्मनीत भाडेकरार कुठेही नोंदवला जात नाही. मालकीची नोंदवही असते, पण रास्त कारण दाखवल्याशिवाय ती कुणालाही बघू देत नाहीत. तेव्हा शेजारच्यांची बेल वाजवा. लाज वाटली तरी वाजवा. ‘इथे कोण राहतं?’ एवढं विचारलं असतं तर माझे पैसे वाचले असते.

१ ऑक्टोबरला सकाळी दहाला किल्ली मिळणार होती. दोन बॅगा घेऊन मी दारात. त्याच्या व्हॉट्सॲपवर एकच टिक. शेवटी बेल दाबली, वर गेले, तर एका तरुण जोडप्याने दार उघडलं. चार दिवसांसाठी फिरायला आले होते. मी त्यांना करार दाखवला, त्यांनी मला बुकिंग दाखवलं. ती मुलगी माझ्यासाठी पाणी घेऊन आली, आणि तिच्या खांद्यावरून ती फ्रेम मला दिसत होती.

मग सुरू झाली दारोदार. जवळच्या पोलीस ठाण्यात खिडकीवरचा माणूस म्हणाला, जर्मन येणारं कुणी घेऊन या. दुपारी सहकाऱ्याला घेऊन गेले तर दुसरा म्हणाला, करारावर तुमची सही आहे, हा दिवाणी मामला वाटतो. अहो, खोट्या मालकाने केलेला करार दिवाणी कसा? शेवटी ‘ऑनलाइन तक्रार करा’. केली, क्रमांक मिळाला. ३ तारखेला राष्ट्रीय सुट्टी. बँकेत फोन केला तर ‘इन्स्टंट पेमेंट तुम्हीच मंजूर केलंत’. परताव्याची विनंती पाठवली, तीन आठवड्यांनी उत्तर : समोरचं खातं बंद. जाहिरातीच्या साइटने कळवलं की आम्ही फक्त जागा उपलब्ध करून देतो. त्या माणसाचं प्रोफाइल कुणाच्या नावाने होतं हे विचारलं तर गोपनीयता. माझी गोपनीयता? माझ्या पासपोर्टची प्रत, निवास परवाना, नोकरीचं पत्र त्याच्याकडे गेलंय, त्याचं काय, याला एकाही खिडकीवर उत्तर नव्हतं. मला त्याने जे ओळखपत्र दाखवलं तेही बहुधा माझ्यासारख्याच कुणाचं असणार. पासपोर्टची प्रत द्यावीच लागली तर त्यावर तारीख आणि ‘फक्त अमुक घराच्या अर्जासाठी’ असं आडवं लिहून द्या.

जानेवारीत पत्र आलं. आरोपी सापडला नाही, तपास थांबवण्यात येत आहे. एक पान. खात्याचा क्रमांक, दोन फोन नंबर, साक्षीला पर्यटक जोडपं आणि खरा मालक, त्याच्याकडचं बुकिंगचं नाव, हे सगळं मी जोडलं होतं. त्यातल्या कुणाला एक फोन तरी केला का, हे पत्रात नाही.

दरम्यान सहा रात्री सहकारी मैत्रिणीच्या सोफ्यावर काढल्या, मग ६२ युरो रोजाची खोली. पत्ता नाही म्हणून कर क्रमांक नाही, म्हणून पहिला पगार सहाव्या करवर्गाने, म्हणजे सर्वांत जास्त कापून आला. नवरा आणि मुलीची तिकिटं पुढे ढकलली, त्याचे २१,४०० रुपये वेगळे. मुलीला सांगितलं, घराला रंग लावतायत. आईला अजूनही सांगितलेलं नाही.

शनिवार-रविवारीच जमेल म्हणणाऱ्याला सांगा, मी बुधवारी येते. जाहिरातीतला फोटो सर्च इंजिनमध्ये टाकून तो आणखी कुठे दिसतो ते शोधून बघा, पर्यटकांच्या साइटवर तेच घर सापडतं, मला दोन मिनिटांत सापडलं, फक्त दहा दिवस उशिरा. भाडेकरूंच्या संघटनेचं, मीटरफेराइनचं, सभासद व्हा, ते करार वाचून देतात.

फेब्रुवारीत तीच जाहिरात पुन्हा दिसली. तीच खिडकी, तोच सोफा, वेगळं नाव, मूळ भाडं ८४० चं ७९० केलेलं. स्वयंपाकघराचा फोटो या वेळी फ्रिजपाशी कापला होता. मी साइटला कळवलं, तक्रार क्रमांक जोडून पोलिसांना कळवलं. चार दिवस ती जाहिरात तिथेच होती.