टोपी पांढरी घ्यावी की गडद? कोल्हापूरच्या उन्हापुरता हिशेब

महाद्वार रोडला टोपी घ्यायला गेलं की दुकानदार आधी पांढरी पुढं करतो. "उन्हाला पांढरीच बरी, साहेब." त्याचं म्हणणं अर्धं खरं आहे. उन्हात दोन गोष्टी असतात. एक ताप, तो लगेच कळतो. दुसरे अतिनील किरण, ते कळत नाहीत, पण कातडी करपवतात आणि वर्षानुवर्षं मारा झाला की त्वचेच्या कर्करोगाचा धोका वाढवतात. रंगाचा कौल या दोन्हींच्या बाबतीत उलटा लागतो.

पांढरा रंग प्रकाश परतवतो, त्यामुळं डोकं कमी तापतं. पण पातळ पांढऱ्या सुती कापडातून अतिनील किरण बरेच आरपार जातात. साध्या पांढऱ्या सुती टी-शर्टाचा यूपीएफ (कापड अतिनील किरण किती अडवतं त्याचं माप) 5 ते 7 च्या आसपास धरतात, म्हणजे पाचवा ते सातवा हिस्सा आत येतोच. घामानं भिजला की आणखी जास्त. (यूपीएफ 50 चं कापड जेमतेम 2 टक्के आत सोडतं.) तेच कापड गडद निळ्या किंवा काळ्या रंगात असेल तर रंगच बरेचसे किरण शोषून घेतो. मात्र शोषलेलं ऊन उष्णता होऊन डोक्यावरच बसतं, आणि आपल्या एप्रिल-मेमध्ये ते सोसत नाही. तापते म्हणून काढून खिशात घातलेली टोपी, मग तिचा यूपीएफ कितीही असो, काय कामाची?

खरी गोम अशी, की रंगाचं महत्त्व कापड पातळ असेल तेवढ्यापुरतंच. वीण घट्ट असेल तर पांढरीही चालते. दुकानातच टोपी उजेडाकडे धरून बघा. भोकाभोकांतून उजेड टोचत असेल तर ती कुठल्याही रंगाची असो, परत द्या. विरळ विणलेल्या गवती हॅट दिसायला झकास, पण बऱ्याचशा या परीक्षेत नापास होतात. उलट फेट्याला रंग विचारायची गरजच नाही; इतके पदर एकावर एक आले की किरण अडतातच.

यानंतर काठ. गांधी टोपी डोक्यावर शोभते, टाळूही वाचवते, पण कान, नाक आणि मान उघडीच. फेट्याचंही तेच, शेमला मानेवर आला तर तेवढाच आधार. क्रिकेटची पी कॅप कपाळाला आणि नाकाला सावली देते, कान विसरते. चोहोबाजूंनी किमान 7 सेंटीमीटर काठ असलेली हॅट या सगळ्यांना भारी. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात कोल्हापुरात सूर्य भरदुपारी अगदी डोक्यावर येतो, तेव्हा असा काठ चेहरा आणि मान बऱ्यापैकी झाकतो. चार वाजता ऊन तिरकं झालं की काठाखालून तोंडावर येतं. तिथं टोपीच्या रंगाचा काही इलाज नाही.

मग घ्यावी कुठली? रंकाळ्यावर सकाळी सहाला फिरणाऱ्यानं आवडेल ती घ्यावी. दिवसभर उसाला पाणी पाजणाऱ्यानं किंवा मैदानावर अंपायरिंग करणाऱ्यानं वरून फिकी, घट्ट विणीची आणि काठाच्या खालच्या बाजूला गडद रंगाची बघावी. जमिनीवरून उसळणारा उजेड गडद अस्तर शोषतं, फिकं अस्तर तोच पुन्हा तोंडावर फेकतं. पन्हाळ्याला किंवा जोतिबाला जाणार असाल तर हनुवटीखाली दोरी हवीच, तिथला वारा टोपी ठेवत नाही. पातळ कापडाचीच मिळत असेल तर मात्र पांढरी सोडून गडद निळी घ्या आणि सावलीत आलात की काढून डोक्याला वारा लागू द्या. खाकी हा मधला पर्याय: काळ्याइतकी तापत नाही, आणि धुळीचा डागही लगेच दिसत नाही. शेतावर जाणाऱ्याला हे दुसरं कारणच जास्त पटतं.