रविवारचा वाडे-मंदिरं हेरिटेज वॉक, नक्की करा!

नाशिकमध्ये जन्म गेला पण सरकारवाडा आतून पहिल्यांदा या वॉकला पाहिला. सराफ बाजारातल्या गर्दीतून आत शिरलं की एकदम शांत, पेशवेकाळातलं ते लाकूडकाम, कोरीव खांब, आणि मी एका खांबाला हात लावून कितीतरी वेळ तशीच उभी होते.

पण खरी मजा गोदाकाठी. नारोशंकर मंदिर १७४७ चं, आणि ती घंटा १७३९ ला वसई जिंकल्यावर पोर्तुगीजांकडून आणलेली. आमची आजी कोणी मोठ्याने बोललं की म्हणायची "काय नारोशंकराची घंटा आहे का", त्याचा अर्थ आत्ता कळला! शिखराच्या दगडात वाघ, माकडं, हत्ती सगळं कोरलंय, गाईडदादांनी मान वर करून एकेक दाखवलं, अजिबात घाई नाही. पुढे सुंदरनारायण, १७५६ चं, २१ मार्चच्या आसपास उगवत्या सूर्याची किरणं थेट मूर्तीवर पडतात म्हणे, तेव्हा परत जाणारच.

तक्रार एकच, ग्रुप फार मोठा होता, मागच्यांना नीट ऐकूच येत नव्हतं, वीसच्या वर माणसं घेऊच नयेत. आणि एका जुन्या भिंतीवर कोणीतरी खिळा ठोकून बॅनर लावलेला, ते बघून फार वाईट वाटलं हो, नुसतं संरक्षित म्हणून बोर्ड लावून काय होणार, आपणच जपायला हवं ना. चार स्टार. सकाळी लवकरची बॅच घ्या, नंतर काठावर पाय ठेवायला जागा नसते.